खान्देशच्या उन्हाळ्यात गच्चीवरची बाग कशी टिकवायची, होळीपासून मृगापर्यंत

आमच्या जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तरी कोणाला नवल वाटत नाही. सकाळी अकरानंतर रस्ते ओस पडतात, कुलर रात्रीपर्यंत चालू असतो, आणि अशा हवेत गच्चीवर कुंड्या ठेवणाऱ्याला एकच भीती असते की झाडांना पाणी कमी पडेल. मलापण तीच होती. पहिल्या उन्हाळ्यात मी दिवसातून तीन वेळा पाणी घालायचे, दुपारी एकला मिरच्यांनी माना टाकलेल्या दिसल्या की पाईप घेऊन वर पळायचे, आणि आठ दिवसांत मिरचीची आठच्या आठ रोपं गेली. उपटून बघितली तर माती चिंब ओली आणि मुळं तपकिरी, लिबलिबीत. म्हणजे पाणी कमी पडलंच नव्हतं. कुंडी काळ्या प्लॅस्टिकची, खाली तापलेला स्लॅब, त्यात पाईपमधलं गरम पाणी, मुळं अक्षरशः उकडून निघाली होती.

सासूबाई यावलकडच्या, केळीच्या वावरात वाढलेल्या. त्यांनी तेव्हा सांगितलं, "झाडाच्या पायाला सावली कर, डोक्याला थोडं ऊन लागलं तरी चालतं." त्यानंतर मी जे काही करते ते सगळं मुळं गार ठेवण्यासाठीच, आणि आता मे मध्येपण गिलके (म्हणजे घोसाळी), भेंडी, गवार, पोकळा गच्चीवरून घरात येतो. काय कधी करायचं ते कामाच्या क्रमाने लिहिते, कारण आपल्याकडे वेळ चुकली की मग काहीही केलं तरी उपयोग होत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटापासून होळीपर्यंत: जागा, जाळी, माती

सगळ्यात आधी कुंड्या कुठे ठेवायच्या ते ठरवायचं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो त्यामुळे दक्षिणेच्या कठड्याची चांगली लांब सावली पडते आणि आपल्याला वाटतं ही जागा सेफ आहे, पण मे च्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, कठड्याची सावली जवळजवळ नाहीच. तेव्हा त्या सावलीवर विसंबायचं नाही. आपल्याला नको असतं ते दुपारी बारा ते पाचचं ऊन, त्यामुळे पूर्वेचं ऊन मिळेल आणि पश्चिमेकडून जिन्याची खोली, पाण्याची टाकी, शेजारची भिंत असं काहीतरी आडवं येईल अशी जागा पकडायची. मात्र भिंतीला चिकटवून कुंड्या ठेवू नका, भिंत रात्री दहापर्यंत उष्णता सोडत असते, हात दीड हात अंतर ठेवा.

मग ग्रीन नेट. इथे बहुतेकांची चूक होते ती टक्केवारीत. दुकानात गेलं की ९० टक्केवाली घ्या, गर्द सावली पडते असं सांगतात, आणि मग वेल लांबच लांब वाढतात पण फूल धरत नाहीत. टक्के म्हणजे जाळी किती प्रकाश अडवते ते. भाजीपाल्याला ५० टक्के पुरे, फार तर कोवळी रोपं आणि घरातल्या शोभेच्या झाडांच्या कोपऱ्यावर ७५. पांढरी जाळी मिळाली तर अजून चांगली, ती स्वतः कमी तापते. जाळी कमीत कमी सात-आठ फूट उंच बांधायची. चार फुटांवर बांधली की तिच्याखाली गरम हवा कोंडते, आणि जाळी नसलेली बरी असं होतं. पश्चिमेच्या बाजूने पडद्यासारखी खाली सोडायची, बाकी तीन बाजू मोकळ्या. आणि एकदम ताणून बांधू नका, का ते शेवटी सांगते.

जाळीचा खर्च नको असेल तर मांडव करून त्यावर गिलक्याचा किंवा दोडक्याचा वेल चढवा, होळीच्या आधी बी लावलं तर एप्रिल संपेपर्यंत चांगली सावली होते, आणि खाली पालेभाज्यांच्या कुंड्या मस्त राहतात. मला स्वतःला ही सावली नेटपेक्षा जास्त आवडते, तिच्याखाली उभं राहिलं की फरक लगेच कळतो.

कुंड्यांच्या खाली विटा ठेवायच्या, दोन विटांवर एक कुंडी, म्हणजे स्लॅब आणि कुंडीच्या मधून हवा खेळते. हे काम इतकं साधं आहे की लोक करत नाहीत, पण मला विचाराल तर सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. काळ्या कुंड्या आणि ग्रो बॅग असतील तर बाहेरून गोणपाट गुंडाळा किंवा चुना मारा. ड्रमला पांढरा रंग द्या. लहान लहान कुंड्या असतील, आठ इंचाच्या आतल्या, त्या एकेकट्या ठेवूच नका, प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये पाच-सहा कुंड्या बसवून मधल्या फटीत माती नाहीतर ओला भुसा भरायचा, सगळ्या मिळून एक मोठी कुंडी होते. जमिनीत लिंबू किंवा आंब्याचं लहान झाड असेल तर खोडाला चुना लावा, विशेष करून पश्चिमेच्या बाजूने, कोवळी साल उन्हाने तडकते.

मातीचं सांगायचं तर आपली काळी कपाशीची माती वावरात सोनं आहे पण कुंडीत नुसती वापरली की वाळल्यावर आकसते, कडेने बोटभर भेग पडते, आणि पाणी घातलं की त्या भेगेतून सरळ खाली निघून जातं, आपल्याला वाटतं पाणी पोचलं, आणि मधला गोळा कोरडाच. म्हणून काळी माती एक तृतीयांशच घ्यायची, एक तृतीयांश चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि उरलेल्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडी जाडी वाळू. शेणखत हातात घेतल्यावर शेणाचा वास येता कामा नये, मातीचा यायला हवा. अर्धकच्चं खत कुंडीत कुजताना स्वतः गरम होतं आणि त्यातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळीपण येते.

काय लावायचं, काय नाही

भेंडी, गवार, चवळी, गिलके, दोडके, कारलं, काकडी, दुधी हे सगळं होळीच्या आत पेरून व्हायला हवं. बी रात्रभर भिजवून लावा, कारल्याचं बी कडक असतं ते थोडं जास्त वेळ. भेंडीला आणि गवारीला बारा इंचाची कुंडी चालते, वेलांना मात्र वीस लिटरची बादली किंवा त्याहून मोठं काहीतरी लागतं. भेंडी दीड-पावणेदोन महिन्यात सुरू होते. पोकळा, माठ हे तर उन्हाळ्यातले खरे सोबती, महिन्याभरात कापायला येतात, आणि मुळासकट न उपटता वरून कापले की पुन्हा फुटतात. दर पंधरा दिवसांनी एक कुंडी नव्याने पेरत राहा.

कोथिंबीर, मेथी, पालक यांचा मे मध्ये हट्ट नको. कोथिंबीर उन्हात लगेच फुलावर जाते, लावायचीच तर ७५ टक्के नेटखाली, आणि धणे रगडून दोन फाका करून.

टोमॅटोबद्दल मला खूप जणी विचारतात की फुलं येतात आणि गळून जातात, कोणतं खत घालू? कोणतंच नाही. दिवसाचं तापमान पस्तिशीच्या वर आणि रात्रीपण गरम, अशा हवेत टोमॅटोचा पराग नीट काम करत नाही, फळ धरत नाही. मिरचीचंही थोडंफार तसंच. खतं घालून झाडाला आणखी त्रास देण्यापेक्षा सावलीत सरकवा आणि जिवंत ठेवा, पाऊस पडला की ती मिरची पुन्हा लागते. आणि आपली भरताची वांगी, ज्यांना २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यांची खरी चव थंडीतलीच, तिच्यासाठी मे मध्ये धडपड करू नये, तिच्या रोपाची वेळ पुढे येते.

वेलांबद्दल एक गोष्ट माहीत असलेली बरी. उन्हाळ्यात वेलाला आधी नर फुलं खूप येतात, फळ दिसत नाही म्हणून वेल उपटू नका. मादी फुलाच्या मागे बारीकसं फळ असतं, त्यावरून ओळखता येतं. गच्चीवर उन्हामुळे मधमाशा कमी फिरकतात, तेव्हा नर फूल तोडून, पाकळ्या मागे करून, मादी फुलाच्या मध्यावर हलक्या हाताने फिरवायचं. गिलक्याचं फूल पहाटे उमलतं तेव्हा हे काम सकाळी लवकर, पण दोडक्याचं आणि दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, त्यांचं काम दिवेलागणीला. दोन वर्षं मी दोडक्याच्या फुलांवर सकाळी मेहनत करत होते आणि सगळी बारकी फळं पिवळी पडून गळत होती.

मार्च संपायच्या आत आच्छादन

कुंडीतली उघडी माती म्हणजे उघडं पातेलं. वरून दोन-तीन इंचाचा थर हवाच. आपल्याकडे यासाठी विकत काही आणायची गरज नाही. केळीची वाळलेली पानं, सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार, गव्हाचा भुसा, वाळलेला पालापाचोळा, काहीही. केळीची पानं मला सगळ्यात आवडतात, हाताने फाडून गोल अंथरली की वाऱ्याने उडत नाहीत. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या अख्ख्या टाकू नका, बारीक तुकडे करून टाकल्या तर चालतात.

रसवंतीवर उसाचा चोथा फुकट मिळतो, तो छान ओल धरतो पण आणल्या आणल्या टाकायचा नाही, आंबतो आणि मुंग्या लागतात. एकदा धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, मग टाका. कोणतंही आच्छादन खोडाला टेकवायचं नाही, दोन बोटं जागा सोडायची. आणि जमिनीतल्या वाफ्यात वाळलेलं काड टाकलं की उधई (वाळवी) येते, त्यासाठी आधी मूठ-मूठ निंबोळी पेंड मातीत मिसळून घ्यावी.

पाणी

हा भाग जरा मोठा होणार, पण सगळं इथेच अडतं.

वेळ सकाळची, साडेपाच ते सात. रात्रभरात टाकीतलं पाणी त्यातल्या त्यात निवलेलं असतं आणि झाड पुढच्या दिवसभरासाठी पाणी भरून घेतं. एप्रिलच्या मध्यापासून मोठ्या वेलांना आणि लहान कुंड्यांना संध्याकाळी सातनंतर दुसरी पाळी. संध्याकाळी काळ्या टाकीतलं पाणी बऱ्याचदा आंघोळीच्या पाण्याइतकं गरम असतं, म्हणून मी सकाळीच दोन बादल्या भरून जिन्यात सावलीला ठेवते आणि संध्याकाळी त्या वापरते. पाईपने घालत असाल तर पाईपमध्ये अडकलेलं पहिलं पाणी आधी बादलीत काढा, हात घालून बघा, हाताला सोसलं तरच झाडाला.

दुपारी माना टाकलेल्या दिसल्या तरी लगेच पाणी नाही. गिलके, दुधी, काकडी यांची मोठी पानं दुपारी लोंबतातच, पानांतून जितकं पाणी उडून जातं तितकं मुळं ओढू शकत नाहीत, म्हणून झाड पानं सैल सोडतं. बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओल लागली तर गप्प बसा, सूर्य उतरला की झाड आपोआप उभं राहतं. संध्याकाळी सातलाही उभं राहिलं नाही किंवा सकाळीच मान पडलेली दिसली, तर मात्र गडबड आहे. माती कोरडी असेल तर तहान, ओली असूनही मान पडली असेल तर मुळं सडतायत, तेव्हा पाणी थांबवून कुंडी पूर्ण सावलीत घ्यायची.

कुंडी अगदी खडखडीत वाळली असेल, कोकोपीट असेल तर विशेष, ती वरून पाणी पितच नाही. अशी कुंडी टबात अर्ध्यापर्यंत पाणी घेऊन त्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा, वरची माती ओली दिसली की काढा. तिथेच टबात ठेवून विसरू नका.

आता घागर. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला आपल्याकडे घरोघरी पितरांच्या नावाने घागर भरतात, नवीन घागर येते आणि मागच्या वर्षीची माळ्यावर जाते. ती जुनी घागर किंवा फुटक्या काठाचा माठ बागेत गळ्यापर्यंत पुरा, अर्ध्या ड्रममध्ये किंवा जमिनीतल्या वाफ्यात, तोंडावर झाकण ठेवा नाहीतर डास होतात, आणि भोवती हातभर अंतरात वेल किंवा भेंडी लावा. कच्च्या भाजणीच्या मातीतून पाणी हळूहळू पाझरतं, मुळं स्वतःच घागरीकडे येतात, आणि वरची माती कोरडी राहिल्यामुळे उडून काही जात नाही. घागर तीन-चार दिवसांनी भरावी लागते. फक्त एक, आपल्या जड पाण्याने जुन्या घागरीची छिद्रं क्षाराने बुजलेली असतात, म्हणून आधी तारेच्या ब्रशने आतून-बाहेरून घासा, मग पाणी भरून तासभर ठेवा, बाहेरून घाम आला तरच पुरा. ऑइलपेंटने रंगवलेली असेल तर तिचा काही उपयोग नाही.

ठिबकचं सामान आपल्याकडे तालुक्याच्या गावातसुद्धा मिळतं, तेव्हा पंधरा-वीसच्या वर कुंड्या असतील तर बसवूनच घ्या. पण गच्चीवरची टाकी कुंड्यांपेक्षा पाच-दहा फूटच उंच असते, तेवढ्यात दाब फार कमी मिळतो, शेतातले दाब नियंत्रित करणारे ड्रीपर तिथे नीट चालत नाहीत. हाताने कमी-जास्त करता येणारे साधे ड्रीपर घ्या, सुरुवातीला बारीक फिल्टर लावा, आणि नळीच्या शेवटचं बूच आठवड्यातून एकदा उघडून पाणी वाहू द्या, नाहीतर क्षाराने ड्रीपर एकेक करून बंद पडतात आणि आपल्याला कळतं ते झाड वाळल्यावर.

बोअरच्या पाण्याने मातीवर पांढरी बुरशीसारखी पापडी येते, ती बुरशी नाही, क्षार आहे. वरची पापडी खरवडून टाका आणि दर पंधरा-वीस दिवसांनी एकदा सकाळी इतकं पाणी घाला की खालून भरपूर निथळून जाईल. आरओचं वाया जाणारं पाणी आणखी क्षाराचं असतं, ते द्यायचं तर साध्या पाण्यात निम्मं मिसळून, आणि लिंबू, गुलाब यांना नाहीच. कुलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी तर बिलकुल नको, पाणी उडून उडून सगळे क्षार त्यात साठलेले असतात. एसीतून ठिबकणारं पाणी मात्र क्षार नसलेलं, ते बादलीत धरा आणि गुलाबाला द्या.

आखाजीपासून रोहिणीपर्यंत: हात आवरा

या दिवसांत कुंडी बदलायची नाही, जोराची छाटणी करायची नाही, युरिया-डीएपी टाकायचं नाही. झाड आधीच जीव धरून असतं, खताने नवी कोवळी पालवी फुटते आणि तीच आधी करपते. द्यायचंच असेल तर पंधरा दिवसांतून एकदा जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेलं पातळ खत) दहापट पाण्यात, आणि तेपण ओल्या मातीत, संध्याकाळी. करपलेली पानं दिसायला वाईट दिसतात पण तोडू नका, ती खालच्या पानांना सावली करतात.

नर्सरीतून नवं झाड आणलं तर ते तिथे नेटखालीच वाढलेलं असतं, आठवडाभर तरी सावलीत ठेवून मग हळूहळू उजेडात सरकवा. मोगरा मात्र या उन्हाचाच, त्याला पुरेसं पाणी आणि उघडं ऊन द्या, फेब्रुवारीत छाटला असेल तर आता फुलांनी भरलेला असेल. शेवगा, कढीपत्ता हेपण तगडे, त्यांच्याकडे कमी लक्ष दिलं तरी चालतं.

कीड बघायची ती पानाच्या खाली. कोरड्या उष्ण हवेत लाल कोळी फार वाढतो, पानावर पिवळे बारीक ठिपके आणि खाली जाळं. सुरुवातीला नुसतं सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालून मारला, तीन-चार दिवस लागोपाठ, तरी बराच कमी होतो. नाही झाला तर लिटरभर पाण्यात ५ मिली निमतेल आणि १-२ मिली भांड्याचं लिक्विड, नीट घुसळून, फक्त सूर्य मावळल्यावर, आणि आधी दोन-चार पानांवर मारून दुसऱ्या दिवशी बघा. उन्हात निमतेल मारलं की पानं भाजतात. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला तर कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसा, फार असेल तर ती फांदीच कापून पिशवीत बांधून टाका.

मे मध्ये चार दिवस लग्नाला, माहेरी जाणं होतंच. जाताना सगळ्या कुंड्या एका सावलीच्या जागी एकमेकींना चिकटवून ठेवा, मोठ्या बाहेर, लहान आत, आदल्या रात्री सगळ्यांना पोटभर पाणी, वरून ओलं गोणपाट. मधोमध पाण्याची बादली जरा उंचावर ठेवून तिच्यातून सुती कापडाच्या वाती प्रत्येक कुंडीत सोडल्या, कापडाचं टोक मातीत दोन बोटं खोचून, तर तीन-चार दिवस निघतात. त्याहून जास्त दिवस असतील तर शेजारच्या वहिनींना किल्ली द्या आणि जाण्याआधी एकदा त्यांच्याकडून प्रत्यक्ष पाणी घालून घ्या, कोणत्या कुंडीला किती ते त्यांच्या हाताला कळलेलं बरं.

रोहिणी लागली की

२५ मे च्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागतं आणि संध्याकाळची वावटळं, वादळी पाऊस सुरू होतो. रावेर-यावल पट्ट्यात उभी केळी आडवी करणारा वारा हाच. ताणून बांधलेली नेट या वाऱ्यात शिडासारखी फुगते आणि सोबत पाईपसुद्धा उखडते, म्हणूनच सुरुवातीला म्हटलं थोडी सैल ठेवा. आता तिच्या दोन बाजूंना अशी गाठ ठेवा की आभाळ भरून आलं की ओढून सोडता येईल. कठड्यावरच्या कुंड्या खाली घ्या, वेलांच्या मांडवाला आधाराच्या दोऱ्या वाढवा.

याच दिवसांत भरताच्या वांग्याचं आणि मिरचीचं बी ट्रेमध्ये टाकून ठेवा, नेटखाली, म्हणजे पाऊस नीट लागेपर्यंत रोपं वितीएवढी होतात. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की नेट एकदम काढू नका, आधी पश्चिमेचा पडदा गुंडाळा, चार-पाच दिवस जाऊ द्या, मग वरची अर्धी, मग सगळी, कारण पावसाच्या मधल्या उघडिपीतलं ऊन सावलीत वाढलेल्या पानांना चटकन भाजतं. काढलेली नेट धुऊन, पूर्ण वाळवून, गुंडाळी करून ठेवली तर पुढची तीन-चार वर्षं सहज जाते.